आधी खडाक, मग टक

आवाज पाठीमागून आला. आधी खडाक, मग टक. नगरच्या कोषागाराच्या पायऱ्यांवर संत्री म्हणून उभ्या असलेल्या ज्ञानेश्वरीची मान वळता वळता राहिली. पहाऱ्यावरच्या माणसानं मान वळवायची नसते हे एक, आणि वळून बघण्यासारखं काही उरलंही नव्हतं. जे कळायचं ते कानांना कळलं होतं. मागच्या गार्ड रूममध्ये गोरक्ष हवालदारानं ड्यूटी संपल्यावर आपली रायफल रिकामी केली होती, आणि ती उलट्या क्रमानं केली होती. समोर खंडेनवमीच्या सुट्टीनं ओस पडलेलं आवार, गेटबाहेर झेंडूच्या ढिगाशी घासाघीस करणारी एक बाई, चिंचेखाली आडवं पडलेलं कुत्रं, सगळं जिथल्या तिथं होतं. तिच्या तळहातांना मात्र घाम सुटला आणि हातातल्या रायफलीचं लाकूड एकाएकी बुळबुळीत लागायला लागलं. आता तिसरा आवाज यायला हवा होता, ट्रिगर दाबल्याचा. तिनं श्वास धरून वाट पाहिली. तो आला नाही. आत गोरक्ष कुणाला तरी म्हणाला, "रेश्मा, पाट पुसून घे गं, साहेब येत्याल इतक्यात," आणि बूट वाजवत मोरीकडे गेला.

ही रायफल मोठी शहाणी. एक गोळी सुटली की दुसरी आपली आपण भरून घेते, माणसानं नुसता ट्रिगर दाबत राहायचं. या शहाणपणातच तिची खोड आहे. खाली गोळ्यांचं मॅगझिन लावलेलं असताना बोल्ट ओढून सोडला की वरची गोळी गुपचूप नळीत जाऊन बसते. मग मॅगझिन काढून बाजूला ठेवलं तरी आत बसलेली बसलेलीच. वरून बघणाऱ्याला रायफल रिकामी दिसते, उचलणाऱ्याला हलकी लागते, आणि तरी तिच्या पोटात एक जिवंत गोळी असते. म्हणून आधी मॅगझिन काढायचं, टक. मग बोल्ट ओढायचा, खडाक, आत डोकावून बघायचं. आणि मग नळी आभाळाकडे करून ट्रिगर दाबायचा. ट्रेनिंगला उस्ताद हे इतक्या वेळा घोकून घ्यायचे की पोरी जेवताना ताटवाटीचे आवाज काढून एकमेकींना चिडवायच्या. टक, खडाक, खट. "आपोआप सुटली म्हणून कुणी सांगितलं तर त्याच्या कानाखाली वाजवा," उस्ताद म्हणायचे. "रायफलीला हौस नसते. कुणीतरी भरून ठेवलेली असते आणि कुणीतरी रिकामी समजलेली असते, एवढंच." पोरी हसल्या होत्या. ज्ञानेश्वरी हसली नव्हती. ती रांगेतून उठून मैदानाच्या कडेला गेली होती आणि बाभळीच्या बुंध्याला धरून ओकली होती. उस्तादांना वाटलं ऊन लागलं.

ऊन कसलं. तिला त्या क्षणी रंगनाथ आठवला होता. तिच्या नवऱ्याच्या, नवनाथच्या दहाव्याला तिसगावात आलेला, शेवगावच्या गार्डवरचा संत्री. पिंडाला कावळा शिवेपर्यंत माणसं काहीबाही बोलत बसतात तसा तोही तिच्याशेजारी उकिडवा बसून बोलत होता. बोलला ते सहज, अंगावरचं ओझं उतरवावं तसं. "बाई, म्या भाईर हुतो पायरीवर. आत खडाक झालं, मंग टक झालं, आन मंग जी धाड झाली..." ज्ञानेश्वरीच्या डोक्यात तेव्हा काही शिरतच नव्हतं. तिच्या पायाची हिरवी बांगडी... नाही, बांगड्या हाताच्या, त्या आदल्याच आठवड्यात फोडलेल्या. तिला तेव्हा हात कुठले आणि पाय कुठले हेही कळत नव्हतं. ते दोन आवाज मात्र कानात कुठंतरी पडून राहिले, धान्यातल्या खड्यासारखे. मैदानावर उस्तादांनी रायफल हातात घेऊन आधी टक केलं, मग खडाक केलं, आणि तो खडा तिच्या दाताखाली आला. पडलेली रायफल खडाक-टक करत नाही. ती नुसती पडते. खडाक आणि टक माणूस करतो. चौकशीत रंगनाथनं यातलं काही सांगितलं नव्हतं. त्याला कुणी विचारलं नाही, म्हणे, आणि पेन्शन जवळ आली होती.

चौकशीत गोरक्षनं जे सांगितलं ते सगळ्या तिसगावला पाठ आहे. त्या दिवशी शेवगावच्या गार्ड रूममध्ये दोघंच होते, तो आणि नवनाथ. नवनाथला सगळ्यांची हत्यारं पुसून द्यायची हौस. गोरक्ष नको नको म्हणत असताना त्यानं गोरक्षची रायफल पुसायला घेतली, तपासली नाही, ती हातातून निसटून फरशीवर आपटली आणि सुटली. सरकारी भाषेत मयताचा स्वतःचा निष्काळजीपणा. हौस होती हे खरं. म्हणूनच खोटं इतकं बेमालूम बसलं. गोरक्षनं नवनाथचा चांगला गुणच उचलला आणि त्याच्या गळ्यात दगड म्हणून बांधला. या गोष्टीचा ज्ञानेश्वरीला विचार आला की तिच्या दाढा दुखेपर्यंत आवळल्या जायच्या. गोळी मारली ती मारली. चुकीनं मारली असेल. पण पडलेल्या माणसाच्या तोंडावर आपली चूक पुसून ठेवायची, आणि वर त्याच्या मयताला खांदा द्यायचा, ही चूक नव्हती. ही त्यानं शुद्धीवर राहून केली होती.

आणि नंतर तो देवमाणूस झाला. अनुकंपा तत्त्वावर ज्ञानेश्वरीची नोकरी लागावी म्हणून मुख्यालयात खेटे त्यानं घातले. पोलीस लाईनीत खोली त्यानं मिळवून दिली. दिवाळीला सासूला लुगडं, सुगीला गव्हाचं पोतं, दवाखान्यात न्यायला रिक्षा. मढीच्या नाथांच्या कृपेनं गावात दोन घरी झालेली दोन पोरं, एक नवनाथ आणि एक गोरक्ष, एक गेलं तरी एक ठेवलं देवानं, असं तिची सासू साळूबाई लाईनीत सगळ्यांना सांगायची. साळूबाईला कमी ऐकू यायचं, त्यामुळे ती सांगायची तेही ओरडून. गोरक्ष आला की त्याच्यापुढे ताट करायची आणि पदरानं डोळे पुसत म्हणायची, "माझाच येंधळा हुता रं बाबा. ल्हानपनापास्नं. हातात काई टिकायचं न्हाई त्येच्या. तुला उगा घोर लावून ग्येला." गोरक्ष मान खाली घालून भाकरी मोडायचा. ज्ञानेश्वरी चुलीपाशी बसून ते बघायची. नवनाथच्या हातातून कधी काही पडलं नव्हतं. त्याचे हात तिला माहीत होते. दिवा न लावता तिच्या मंगळसूत्राचा फासा बसवणारे, तेलाच्या वासाचे, कोरडे, सावकाश हात. ट्रेनिंगहून आल्यावर तिनं एकदा सासूच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं होतं, खडाक आणि टकसकट. साळूबाईनं तिच्याकडे अशी नजर टाकली की जणू तिनं देव्हाऱ्यात चप्पल ठेवली. "त्या मान्साला नावं ठिवू नगं. जीभ झडंल." म्हातारीचं त्यात काय चुकलं? आईनं आपल्या मेलेल्या पोराला येंधळा म्हणावं आणि त्याच्या मारेकऱ्याला तूप वाढावं, अशी व्यवस्था लावणारा माणूस साधा नव्हता. त्या दिवसापासून ज्ञानेश्वरीला एकच पाहिजे होतं: हे त्याच्या तोंडून निघालं पाहिजे, आणि साळूबाईच्या कानात शिरलं पाहिजे. कसं, ते तिला कळत नव्हतं. पुढं पुढं तेही पुरेना. तो मेलाच पाहिजे, असं वाटायला लागलं.

बदली होऊन ती याच गार्डला आली तेव्हा गोरक्ष म्हणाला होता, "वहिनी माझ्याच हाताखाली बऱ्या. लक्ष ऱ्हातं." लक्ष तिनंच ठेवलं. त्याची एक गोष्ट तिच्या नजरेतून सुटली नाही. तो ट्रिगर दाबत नसे. रायफल रिकामी केल्यावर आभाळाकडे नळी धरून सगळे खट करायचे, तो करत नसे. बोट ट्रिगरजवळ नेऊन आखडून घ्यायचा आणि उगाच खाकरायचा. बाकीच्यांना तो आळस वाटायचा. तिला तो कबुलीजबाब वाटायचा, रोज तिच्यासमोर दिलेला आणि कुणालाच न समजणारा. शेवगावला त्यानं दाबला होता. खडाक, टक, आणि मग रिकामी म्हणून दाबलेला ट्रिगर. समोर नवनाथ काय करत होता? बुटाची नाडी बांधत होता? चहा पीत होता? हसत होता? हे ती त्याला कधी विचारू शकली नाही. त्या दिवसापासून त्याचं बोट भ्यायलं, पण हात सुधारला नाही. घाईत, चार लोकांत, सण असला की जुना हात परत उलटा चालायचा. आज तसाच चालला होता, आणि खट न झाल्यामुळे गोळी अजून आतच होती.

तिचा पहारा संपला. दुसरा शिपाई पायरीवर आला आणि ती आत गेली. खोलीत झेंडू, धूप आणि रायफलीच्या तेलाचा एकत्र वास कोंडला होता. टेबलावर ठेवलेल्या लांब पाटावर पांढरं कापड, त्यावर हत्यारं ओळीनं आडवी. या गार्डची जुनी रीत अशी की खंडेनवमीला हत्यारांची तोंडं पूर्वेला करायची. देव पूजा करणाऱ्याकडे बघतो, तसं हत्यारानंही बघायला हवं. पूर्वेला दार, दारातून येऊन आरती करणारा उभा राहतो तो बरोबर नळ्यांसमोर. ज्या नळीपुढून गेल्याबद्दल वर्षभर शिव्या खायच्या तिच्यापुढे या दिवशी हात जोडायचे, आणि एकदा हळदकुंकू लागलं की आरती होऊन हार उतरेपर्यंत हत्याराला कुणी हात लावायचा नाही. हलवलं तर वर्षभर गार्डला सुख नाही, म्हणे. गोरक्षची रायफल ओळीत मधोमध होती. कुंकू लागून गेलं होतं. तिच्याशेजारी नुसतं पडलेलं मॅगझिन, अगदी निष्पाप.

ज्ञानेश्वरी खिडकीशी गेली आणि तिनं आपली रायफल रिकामी केली. टक. खडाक. आत डोकावली. नळी खिडकीबाहेर आभाळाकडे धरली आणि गोरक्षकडे बघत ट्रिगर दाबला. खट. तो कोपऱ्यात नारळ सोलत होता. त्याचे खांदे दचकले. "सनासुदीचं कशाला वाजवायचं वहिनी," तो म्हणाला.

"शिकवलंय तसं करते," ती म्हणाली. "तुमी न्हाई केलं?"

"झालं की मघाशी. रिकामीच हाय." आणि तो परत नारळाला लागला. शेंडीचे धागे ओढत. त्याला खरंच तसं वाटत होतं. शेवगावलाही त्याला खरंच तसं वाटलं असणार. हा विचार तिच्या मनात आला आणि तिनं तो डास मारावा तसा मारला.

आता फक्त गप्प बसायचं होतं. एवढंच. दरवर्षीची रीत तिला ठाऊक होती: गार्ड कमांडर, म्हणजे गोरक्षच, नळ्यांसमोर उभा राहून आरती करतो आणि साहेब दस्त्यांच्या बाजूला उभे राहून हार उतरवतात. हार ओळीतल्या मधल्या, गोरक्षच्याच रायफलीला रेश्मानं घातला होता. रेश्मा गार्डवरची सगळ्यात हौशी मुलगी. हार घसरू नये म्हणून तिनं दोरा रायफलीच्या मुठीभोवती गुंडाळून ट्रिगरच्या कडीतून ओवून घेतला होता. दोरा ट्रिगरच्या पुढून गेला होता. दस्त्याकडे ओढला की ट्रिगर ओढला जाणार. ज्ञानेश्वरीनं ते बघितलं, आणि तिच्या पोटात काहीतरी थंडगार, समाधानाचं पसरलं. तिनं काही केलं नव्हतं. गोळी त्यानं भरली होती, दोरा रेश्मानं ओवला होता, हार साहेब ओढणार होते. अपघातानं गोळी सुटली. मयताचा स्वतःचा निष्काळजीपणा. तेच शब्द, तेच कागद, फक्त नाव बदलायचं. ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. बाहेर मोटारसायकली गेल्या की तिला साहेबांची जीप वाटायची. रेश्मा गुणगुणत वाकली आणि नळीच्या टोकाला अक्षता लावायला लागली, तिचा गोल, भाबडा चेहरा त्या भोकापासून वीतभर. ज्ञानेश्वरी ताडकन उठली. ओरडायला तोंड उघडलं, आणि तोंडातून आलं ते भलतंच. "रेश्मा, दोऱ्याला हात नको लावूस आता. आणि समोरून सरक, साहेब आले बघ." रेश्मा बाजूला झाली. साहेब आले नव्हते. ज्ञानेश्वरी परत बसली. रेश्माचं तोंड गेलं असतं तर? तरी ती गोळीचं बोलली नाही. आपण कशा झालोय, असं तिला वाटलं. आणि मग वाटलं, झालोय तर झालोय. मला असं करणारा तिथं नारळ सोलतोय.

तिला नवनाथ आठवत होता, पण आठवणीतला नवनाथ तिच्याकडे बघत नव्हता. तो खाली बसून रायफल पुसत होता. तिसगावच्या घरी रजेवर आला तरी आईच्या पाटा-वरवंट्याला, दाराच्या कडीला, सायकलच्या साखळीला तेल द्यायचा. "वस्तूला विचारून हात लावावा," म्हणायचा. तिच्याही अंगाला तो तसाच हात लावायचा, विचारून. त्याला हे आवडलं असतं का? हा प्रश्न तिनं मनात येऊ दिला आणि त्याचं उत्तर ऐकायचं नाकारलं. मेलेल्यानं फार बोलू नये. जिवंतांनी काय काय ऐकून घेतलंय ते त्याला कुठं माहीत होतं?

दारात "माझी पोरं कुठं हायती?" असा खणखणीत आवाज आला. साळूबाई. नैवेद्याचं ताट पदराखाली धरून लाईनीतून चालत आली होती, पुरणपोळ्या घेऊन. हे ज्ञानेश्वरीनं धरलं नव्हतं. म्हातारी सरळ गोरक्षकडे गेली, त्याच्या गालावरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली. "तुझ्यापुरतं येगळं तूप आनलंय," ती सगळ्या आवाराला ऐकू जाईल असं म्हणाली. मग पाटावरच्या हत्यारांकडे बघून तिचा चेहरा उतरला. "ह्येंच्यातलंच येक व्हय रं? आमच्या येंधळ्यानं पाडल्यालं?" गोरक्ष म्हणाला, "न्हाई मावशी, ते जमा झालं कवाच." तो खाली बघून म्हणाला. आणि ज्ञानेश्वरीच्या पोटातलं ते थंडगार समाधान एकदम पातळ झालं. हा आता मरेल, आणि साळूबाई याच्यासाठी छाती पिटेल. दुसरं पोर गेलं म्हणेल. गावभर सांगेल. मेल्यावर तो देवमाणूस राहील तो राहीलच, आणि तिचा नवरा येंधळा राहील. गोळीनं काही सुटणार नव्हतं. गोळी त्याला सोडवणार होती.

जीप आली ती या गोंधळातच. साहेब तरुण, घाईतले, दिवसभरात सगळ्या गार्डांच्या पूजा उरकायच्या असलेले. "चला, चला. आरती कोण करतंय?"

गोरक्ष पुढे झाला. आणि त्यानं तबक उचलून ज्ञानेश्वरीसमोर धरलं. "साहेब, यंदा आरती वहिनी करत्याल," तो म्हणाला. त्याचा आवाज भरून आला होता आणि तो खोटा नव्हता. "नवनाथच्या घरच्या हातनं झाली पायजे. विधवा-बिधवा आपल्याकडं काय न्हाई."

"वा!" साहेब खूश झाले. "मग हार तुम्ही उतरवा, गोरक्ष. तुम्ही त्याचे भाऊच."

साळूबाईला काय चाललंय ते कुणाच्या तरी खुणांवरून कळलं आणि तिचे डोळे वाहायला लागले. ज्ञानेश्वरीच्या हातात तबक आलं. पितळेचा गार काठ, कापराची ज्योत. तिला हसू फुटेल असं वाटलं. नशिबानं किती नीट मांडणी केली होती: नळीसमोर ती, दोऱ्याशी तो. अख्ख्या जिल्ह्यात दुसरा माणूस सापडला नसता त्याच जागी उभं राहायला. बाजूला होता आलं असतं. साहेब, आधी हत्यार तपासा, एवढं म्हणता आलं असतं. मग कुणाचं हत्यार, कुणी भरलं, गोरक्षनं खाकरून काहीतरी सांगितलं असतं, आणि तो सांगण्यात पटाईत होता. ती दाराकडे गेली. "आत्याबाई, तुमी हिकडं, भिंतीला," तिनं सासूला दंडाला धरून बाजूला उभं केलं. "रेश्मा, तूही. दार मोकळं सोडा." मागं वळून बघितलं, रिकामं आवार आणि पलीकडे दगडी भिंत. मग ती जाऊन गोरक्षच्या रायफलीच्या बरोबर समोर उभी राहिली. नळी तिच्या पोटाच्या उंचीला आली. तिनं आरती सुरू केली.

घंटा वाजत होती, टाळ्या पडत होत्या, साहेबांचे ओठ नुसते हलत होते. तिचं लक्ष त्या काळ्या भोकाकडे होतं. त्याच्या कडेला रेश्मानं लावलेला तांदळाचा एक दाणा चिकटला होता. भीती तिला वाटली, खूप वाटली. पोटाचे स्नायू आपण होऊन मागे मागे सरकत होते आणि पाय जागेवर राहत होते. कापूर विझत आला. घंटा थांबली.

"हं. हार," साहेब म्हणाले.

गोरक्षनं दस्त्याकडून हात घातला आणि हाराचा दोरा बोटांत धरला. ज्ञानेश्वरी नळीसमोरच होती. पाटाच्या दोन बाजूंना दोघं, मधे एक रायफल.

"हवालदार," ती हळू म्हणाली. तीन वर्षं ती त्याला भाऊजी म्हणत आली होती. "भरलेली हाय. काढा हार."

त्याला आधी समजलं नाही. मग त्यानं शेजारच्या मॅगझिनकडे बघितलं, बोल्टकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर सकाळ उलटी चालताना तिला दिसली. टक. खडाक. नाही, आधी खडाक. बोटं दोऱ्यावर तशीच राहिली, ना ओढवेना ना सोडवेना. सोडताना हिसका बसला तर? वरच्या ओठावर घामाचे थेंब उभे राहिले.

"वहिनी, बाजूला व्हा."

"का?"

"व्हा बाजूला."

"का पन?" आता तिनं आवाज चढवला. "पडली तर सुटती ना रायफल? चौकशीत तुमीच सांगितलंय. ही तर पाटावर हाय. कुनाच्या हातातनं निसटली न्हाई. काढा की हार. साहेब थांबल्यात."

"काय चाललंय?" साहेब म्हणाले. गोरक्षचा हात थरथरायला लागला. त्याबरोबर दोरा थरथरला, झेंडूचं एक फूल पाटावर गळून पडलं. ज्ञानेश्वरी हलली नाही. विझलेलं तबक तिनं छातीशी धरलं होतं, पोटापुढून काढून घेतलं होतं.

"साहेब," गोरक्ष म्हणाला, "हत्यार भरलेलं हाय."

"कुणाचं? कुणी भरलं?"

"माझंच. म्या... आधी बोल्ट ओढला. मंग मॅगझिन."

"ट्रिगर न्हाई दाबला आज," ज्ञानेश्वरी म्हणाली. "शेवगावला दाबला हुता. व्हय ना? खडाक, टक, आणि मग दाबला. कुनाच्या हातात हुती तेव्हा रायफल, हवालदार?"

"वहिनी, पाया पडतो, सरका आधी..."

"कुनाच्या हातात?"

गोरक्षनं तिच्या पोटाकडे बघितलं, मग दोऱ्यात अडकलेल्या आपल्या बोटांकडे. त्याचे ओठ हलले. "माझ्या," तो म्हणाला. साहेबांनी ऐकलं. रेश्मानं ऐकलं आणि तोंडावर हात घेतला. भिंतीला टेकलेल्या साळूबाईनं कानामागं हात धरला. "काय म्हंतोय गं त्यो? का रडतोय?"

"मोठ्यानं बोला, हवालदार," ज्ञानेश्वरी म्हणाली. "आत्याबाईंना कमी ऐकू येतं."

तो ओरडला तेव्हा बाहेरचं कुत्रं उठून उभं राहिलं. "माझ्या हातात हुती, मावशी! नवनाथनं हात पन लावला नव्हता! तो चा पीत हुता!"

साहेबांनी पुढे होऊन त्याच्या बोटांतून दोरा सोडवला, जपून, एक एक वेढा. रायफल उचलली, नळी दाराबाहेर आभाळाकडे करून बोल्ट ओढला. गोळी उडाली, पाटावरच्या कापडावर पडली आणि घरंगळत कुंकवाच्या वाटीला लागली. तेव्हा कुठं ज्ञानेश्वरी बाजूला झाली. ती उंबऱ्यावर बसली. चहा पीत होता. तिनं ते मनात ठेवून घेतलं.

साळूबाईनं ते सगळं ऐकलं होतं. तिनं नैवेद्याच्या ताटाशेजारची तुपाची वाटी उचलली, पदराखाली घेतली, आणि चालत जाऊन गोरक्षच्या अगदी समोर उभी राहिली. मान वाकडी करून तिनं आपला बरा कान त्याच्या तोंडाशी नेला.

"परत म्हन," ती म्हणाली.